आदणाचा हिशेब

पहाटे साडेपाच

जानेवारीतला शनिवार, म्हणजे सकाळची शाळा आणि म्हणून गिझर लवकर. टाकी 15 लिटरची, पाणी 20 अंशांचं, मला 42 पुरतं. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. 15 गुणिले 22, झाल्या 330. विजेच्या एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी असतात, म्हणजे अंघोळ अर्ध्या युनिटाच्या आतच उरकते आणि दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी बारा मिनिटं पुरतात. दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात हे आपोआप चालू राहतं. घरात त्याचं कुणालाही कौतुक नाही.

वाड्यात खालच्या बिऱ्हाडाचा तांब्याचा बंब अजून पेटतो. त्यांचा हिशेब करायचा तर नारळाच्या शेंड्या मोजाव्या लागतील, म्हणून तो सोडून दिला.

सहा

दूध आणायला गंगावेशीच्या कट्ट्यावर. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, धार समोर काढून ग्लास हातात. शिवाजी पेठेतल्या माणसाला पिशवीतलं दूध द्या, तो एकदा ग्लासाकडं आणि एकदा तुमच्याकडं बघतो.

वाटेत तालमीचं दार उघडं होतं. आत पोरं जोर मारत होती आणि गारठ्यात त्यांच्या पाठींवरून वाफा निघत होत्या. खरं तर जे दिसतं ते वाफ नव्हे. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती गार हवेत पुन्हा पाणी होते, तेव्हा तिचे बारीक थेंब दिसतात. पैलवानाच्या अंगावरचा एक लिटर घाम पुरता उडून गेला, तर तो जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उकळत्या पाण्याच्या वाफेचा आकडा 540 आणि अंगावरच्या घामाचा त्याहून जास्त, हे वर्गात सांगितलं की मुलांना पटत नाही. पण पाणी जितकं गार, तितकं त्याचे रेणू एकमेकांपासून सोडवायला जास्त लागतं, असा सरळ हिशेब आहे. आणि घाम नुसता निथळून मातीत पडला, तर त्यातलं काहीच मिळत नाही. अंग गार होतं ते घाम सुकल्यानं.

साडेसात

पहिला तास दहावीचा. पाचवं प्रकरण, ‘उष्णता’, उजळणी. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे आणि या प्रकरणातलं गणित पोरांना सोपं वाटतं. तिथंच ती सापडतात.

फळ्यावर गणित लिहिलं: उणे 10 अंशांच्या 10 ग्रॅम बर्फाची 100 अंशांची वाफ करायला किती उष्णता लागेल? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, ‘1100 कॅलरी, मॅडम.’ वस्तुमान गुणिले तापमानातला फरक, 10 गुणिले 110. सूत्र पाठ होतं, ते लावून मोकळा.

मी म्हटलं, पायऱ्या पाड. बर्फ उणे 10 वरून शून्यावर आणायला, बर्फाची विशिष्ट उष्मा धारकता पाण्याच्या निम्मी, म्हणून 50 कॅलरी. शून्याच्या बर्फाचं शून्याचंच पाणी करायला ग्रॅममागं 80, म्हणजे 800. ते पाणी शून्यावरून 100 वर न्यायला 1000. आणि 100 च्या पाण्याची 100 चीच वाफ करायला ग्रॅममागं 540, म्हणजे 5400. बेरीज 7250.

1100 आणि 7250. साडेसहा पट फरक. आणि तो सगळा अशा दोन ठिकाणी, जिथं तापमापीचा पारा जागचा हलत नाही.

मग आलेख काढला. सेकंदाला 10 कॅलरी देणारी शेगडी धरा. बर्फ शून्यावर यायला 5 सेकंद, वितळायला 80, पाणी तापायला 100 आणि वाफ व्हायला 540 सेकंद. सगळे मिळून बारा मिनिटं आणि वर पाच सेकंद. त्यातली दहा मिनिटं आणि वर वीस सेकंद रेघ आडवी. पुस्तकातल्या आकृतीत या दोन आडव्या रेघा जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण जागा पुरवायची असते. वहीत मात्र मी त्या मापात काढायला लावते. रेघ पानाबाहेर जाते. जाऊ दे. ती कुठं गेली ते पोराला आयुष्यभर आठवतं.

या न दिसणाऱ्या उष्णतेला पुस्तक ‘अप्रकट उष्मा’ म्हणतं. 1760 च्या दशकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकनं ती पहिल्यांदा नीट मोजली. आच चालू आहे, पारा चढत नाही, मग उष्णता जाते कुठं, असा त्याचा साधा प्रश्न होता. ती रेणूंचा वेग वाढवत नाही, त्यांना एकमेकांपासून सोडवते. पाण्याच्या रेणूंची एकमेकांवर पकड घट्ट, म्हणून आकडा मोठा.

नऊ

प्रयोगशाळा. वजनकाट्यावर स्टीलचं पातेलं, त्यात दोन लिटर पाणी, वर स्टँडला टांगलेला 1000 वॅटचा हीटरचा रॉड. रॉड पातेल्याला टेकता कामा नये, नाहीतर काटा खोटं बोलतो. आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्याजवळ बोट न्यायचं नाही, हे मी रोज सांगते.

पाणी उकळलं तेव्हा तापमापी 98 च्या आसपास थांबला. ‘मॅडम, तापमापी बिघडलाय.’ बिघडला नव्हता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनांक साधारण एका अंशानं उतरतो. पन्हाळ्यावर चहा ठेवला तर आणखी अंशभर खाली. पुस्तकातले 100 अंश रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मिळतात.

मग काट्याकडं बघत बसायचं. मिनिटामिनिटाला वजन उतरतं. 1000 वॅट म्हणजे मिनिटाला 60,000 ज्यूल; एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला 2,256 ज्यूल लागतात; म्हणजे मिनिटाला साडेसव्वीस ग्रॅम जायला हवेत. जात होते 23 च्या आसपास. पोरांनी लगेच उलट गणित मांडलं आणि ग्रॅममागं 2,600 ज्यूल काढले. कुणी उत्तर खोडून 2,256 लिहिण्याच्या बेतात होतं. त्याचा हात धरला. उरलेली उष्णता पातेल्याच्या अंगातून गेली, शिवाय रॉडवर 1000 छापलं म्हणून तो 1000 च घेतो असं नाही, पेठेतलं व्होल्टेज कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आलेला आकडा लिही आणि खाली कारण लिही. प्रात्यक्षिकाच्या वहीत सगळ्या शाळेचं उत्तर पुस्तकाइतकंच यावं, यासारखी दुसरी लबाडी नाही, आणि ती आपण शिक्षकच शिकवतो.

बारा

घरी जेवण. निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ एका टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरत होत्या, लग्नाचं काहीतरी असावं. एसीच्या दुकानात ‘दीड टन’ म्हणतात तो टन या लाद्यांचाच. शून्य अंशाचा एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी खोलीबाहेर काढणारं यंत्र एक टनाचं, किलोवॅटमध्ये साडेतीन. एसी विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही बहुतेक तो टन यंत्राचं वजन वाटतो.

दीड ते साडेचार

आज मुलांना गुऱ्हाळावर न्यायचं ठरलं होतं. सायकली काढल्या, गंगावेशीतून शिवाजी पूल ओलांडला आणि वडणग्याच्या बाजूला ऊस सुरू झाला. वास आधी येतो, धूर नंतर दिसतो.

कोल्हापूरच्या माणसाला गूळ शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी; कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं; ऊस आणि गुळावर संशोधन करणारं केंद्र इथंच आहे. पण पेठेतल्या पोरांनी गूळ पाहिलेला असतो तो दुकानातल्या रव्यात. रस उकळताना पाहिलेला फार थोड्यांनी.

पोहोचलो तेव्हा आदण नुकतं चढलं होतं. काहिलीत हजारभर लिटर रस, खाली चुलवाण, मागच्या तोंडाशी बसून एक जण चिपाडाचे झोके आत सारत होता. गुळव्या काहिलीच्या काठाशी उभा. मला म्हणाला, ‘बाई, पोरं लांब हुबी करा. पडलं एखादं तर मलाच बगायला लागंल.’

शाळेतला तापमापी मी मुद्दामच आणला नव्हता. तो 110 अंशांपर्यंतचा असतो. गूळ त्याच्याही पुढं जातो आणि काच फुटते. लांब दांड्याचा डिजिटल तापमापी आणला होता. दर दहा मिनिटांनी एका मुलीनं आकडा वाचायचा, दुसरीनं लिहायचा.

रस तापत गेला. उकळी फुटायच्या आधीच वर काळसर मळी जमायला लागली. भेंडीच्या देठांचं बुळबुळीत पाणी पडलं तशी ती घट्ट होऊन वर आली आणि गुळव्यानं झाऱ्यानं ओढून काढली. मग उकळी. मुलीनं वाचलं, 99. दहा मिनिटांनी 99. आणखी दहा मिनिटांनी 100. पोरं कंटाळली. एकानं विचारलं, ‘मॅडम, आता काय होणार?’ म्हटलं, तासभर हेच होणार. गणित करा.

गणित असं. रस 1000 किलो धरा. त्यातून गूळ निघतो 200 किलोच्या आसपास. म्हणजे 800 किलो पाणी हवेत घालवायचं. रस 27 अंशांवरून 100 वर न्यायला, तो पाण्यासारखाच मानला तर, 73,000 किलोकॅलरी. उसाच्या रसाला पाण्यापेक्षा थोडं कमी लागतं, पण आज राहू दे. आणि 800 किलो पाण्याची वाफ करायला 800 गुणिले 540, म्हणजे 4,32,000. बेरीज 5,05,000 किलोकॅलरी. एका आदणाला लागणारी ही उष्णता विजेत मोजली तर 587 युनिट होते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचे जवळजवळ सहा महिने. आणि त्या पाच लाखांपैकी तापवण्यावर सातवा हिस्सा गेला. बाकी सगळं त्या तासा-दीड तासात, जेव्हा आकडा वाचणाऱ्या मुलीला जांभया येत होत्या.

आता चिपाड. उन्हात खडखडीत वाळलेलं चिपाड किलोमागं साधारण 3,800 किलोकॅलरी देतं. तेवढीच लागली असती तर 133 किलोंत काम झालं असतं. पण चुलवाणातली उष्णता धुराड्यातून जाते, भिंतीत जाते, काहिलीच्या काठावरून जाते. चौथा हिस्सा रसाला मिळाला असं धरलं, तर 530 किलो चिपाड लागतं. हजार किलो रस ज्या उसातून निघाला, त्याचं वाळलेलं चिपाड तितकं भरत नाही. मी गुळव्याला विचारलं, आण्णा, चिपाड पुरतं का? म्हणाला, ‘चुलवाण चांगलं असलं तर पुरतंय. ओलं घातलं की संपलं. धूरच हुतोय नुसता.’

आण्णांच्या या दोन वाक्यांवर पोरांनी पाऊण पान लिहिलं, आणि दिवसातला सगळ्यात चांगला हिशेब तोच. घाण्यातून बाहेर पडलेल्या ताज्या चिपाडात निम्मं पाणी. ते चुलीत घातलं की आधी ते स्वतःचं पाणी उडवणार: किलोमागं अर्धा किलो पाणी, 25 अंशांवरून 100 पर्यंत ग्रॅमला 75 आणि वाफेला 540, मिळून 300 किलोकॅलरींच्या वर. त्या किलोतला पुरता कोरडा अर्धा भाग, उन्हातल्या चिपाडाइतकीही ओल नसलेला, देणार 2,100. म्हणजे जळणाचा सातवा हिस्सा जळणच खाऊन टाकतं, वर आच मंदावते ती वेगळी. चिपाड गुऱ्हाळासमोरच्या मैदानात दोन-तीन दिवस उन्हात पसरतात ते यासाठी. तिथलं पाणी सूर्य उडवतो, फुकट. मुलांनी येताना ते पसरलेलं चिपाड तुडवलं होतं. जाताना कडेनं गेली.

वाफ पत्र्यापर्यंत चढून फटीतून बाहेर जात होती आणि पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवरून थेंब गळत होते. एका उंच पोरानं पट्टीला हात लावला आणि झटकन काढला. मी त्याला रागावले नाही. त्या पट्टीवर वाफेचं पाणी झालं, म्हणजे घेतलेल्या 540 तिनं परत दिल्या. म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षा वाफेनं भाजतं ते जास्त.

मग त्यानंच विचारलं, ही वाफ पुन्हा का वापरत नाहीत? चांगला प्रश्न, आणि त्याला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी उत्तर मिळालंय. न्यू ऑर्लीन्सला जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलिओ या अभियंत्यानं 1840 च्या दशकात पेटंट घेतलं: पहिल्या बंद भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवायला द्यायची, दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो, मग तिसरं, चौथं. चार भांड्यांच्या मालिकेत एक किलो वाफेवर साधारण चार किलो पाणी उडतं. कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्यासारखे साखर कारखाने चालतात ते या युक्तीवर. आमच्या जिल्ह्यात एकाच पिकाचे हे दोन हिशेब शेजारी शेजारी नांदतात: एक वाफेला चार वेळा राबवून घेतो, दुसरा तिला पत्र्याच्या फटीतून सोडून देतो. गुऱ्हाळाला मागास म्हणणारे मला आवडत नाहीत. उघड्या काहिलीत मळी दिसते, रंग दिसतो, गुळव्याला हात घालता येतो. पण चुलवाण सुधारलं, धुराड्यातल्या आचेवर पुढच्या आदणाचा रस आधी कोमट करून घेतला, तर चिपाड वाचतं, आणि यात गुळव्याच्या कसबाला कुठंच धक्का लागत नाही. हे व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेतीनच्या पुढं मजा आली. जांभया देणारी मुलगी ओरडली, ‘103!’ मग 104. पोरं वहीतला आलेख काढून भांडायला लागली: मॅडम, तुम्ही तर म्हणाला होता, वाफ होताना तापमान वाढत नाही. वाढत नाही ते निव्वळ पाण्याचं. इथं पाणी जातंय आणि साखर मागं राहतेय. रस जितका दाट, तितका त्याचा उत्कलनांक वर. म्हणून इथली रेघ आडवी नाही, आधी जवळजवळ आडवी आणि शेवटी ताठ चढणारी. 105-106 ला काकवी झाली. तिथं थांबवली तर बाटलीत भरायची. तिथून पुढं आकडा भराभर पळाला, बुडबुडे मोठे, जड आणि सोनेरी झाले, चुलीतलं जळण मागं ओढलं.

गुळव्यानं तापमापीकडं एकदाही पाहिलं नाही. गार पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकला, बोटांनी गोळी वळली, वाटीच्या कडेवर आपटली. टण् आवाज आला. ‘उतरा,’ म्हणाला. तेव्हा तापमापीवर 118 होते. पुस्तकात गुळाला 118 च दिलेत. पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

काहील ओढून कलती केली, पाक वाफ्यात पडला, फावड्यानं घोटला गेला. घटकाभरात रवे भरायला घेतले, तीस किलोचे. आम्हाला गरम काकवी मिळाली, वर शेंगदाणे.

सहा

परत येताना रंकाळ्यावर थांबलो. तलावाचा एक हेक्टर धरा, दिवसात चार मिलिमीटर पाणी उडतं असं माना. चाळीस हजार लिटर, लिटरमागं 580. विजेत 27 हजार युनिटांच्या आसपास. संध्याकाळी काठावर गार का वाटतं, त्याचं उत्तर. भेळ खाताना कुणी हे ऐकून घेत नाही.

आठ

घरच्या क्लासला तीच मुलं. सगळ्यांच्या वह्या तपासल्या. 5,05,000 बहुतेकांचं बरोबर आलं. दोघांनी 432 च्या पुढं एक शून्य जास्त दिलं होतं. ज्या पोरानं सकाळी 1100 सांगितले होते, त्यानं चिपाडाचं पाऊण पान लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: ‘चुलवाणाची कार्यक्षमता 25 ऐवजी 35 टक्के झाली तर 380 किलो चिपाड पुरेल.’ हे मी शिकवलं नव्हतं. पडताळून पाहिलं, बरोबर आहे.

तुमच्या घरी दहावीचं पोर असेल तर त्याला मार्चच्या आत एखाद्या गुऱ्हाळावर न्या. हंगाम साधारण तोवरच असतो. तापमापी 150 अंशांपुढचा घ्या, वही घ्या, दीड-दोन तास कंटाळा येऊ द्या. आणि गुळव्या सांगेल तिथंच उभे राहा. उकळतं पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं. 118 अंशांचा पाक चिकटून बसतो.